७०० पाहुणे, १५० नाचणारे: एका संगीताच्या साउंडचं प्रकरण

साताऱ्याहून कोरेगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं एक मंगल कार्यालय. पुढे प्रशस्त लॉन, लॉनला लागून बंद सभागृह आणि कुंपणापलीकडे नव्याने वसलेली घरं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी संगीत, त्याला जोडून डीजे, आणि पत्रिका ७०० माणसांना गेलेल्या. काम मिळालं होतं एका तरुण डीजेला. त्याच्याकडे १२ इंची दोन ॲक्टिव्ह टॉप (मधले-वरचे सूर वाजवणारे, आतच मशीन असलेले स्पीकर), १८ इंची एक ॲक्टिव्ह बेस (खालचे सूर वाजवणारा डबा), कंट्रोलर (गाणी मिसळायचं यंत्र), लॅपटॉप आणि थोडे लाइट. वाढदिवस, बारसं, सोसायटीचा गणपती, दीडशे माणसांचा छोटा हॉल एवढं काम हा संच नीट ओढतो. मी भाड्याची साउंड यंत्रणा ठरवून मांडून देतो, म्हणून तो माझ्याकडे आला.

"दादा, सातशे माणसं आहेत. किती वॉट लागतील?"

या व्यवसायात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो आणि माझ्या मते तो सगळ्यात शेवटी यायला हवा. मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, स्पीकरला किती वीज देतं ते वॉटवरून कळतं, नाचणाऱ्याच्या कानाशी काय पोचेल ते कळत नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि हा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे दहापट वॉट. उलट मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल आपोआप जातात. म्हणून मी त्याला तीन गोष्टी विचारून यायला सांगितलं: एका वेळी नाचणार किती, नाचणार कुठे, आणि बाकीचे त्या वेळी काय करत असणार.

उत्तर आलं की पोरंटोरं, मित्रमंडळी, मावश्या, काकू सगळे धरून एका वेळी दीडशेच्या आसपास. बाकीचे जेवत किंवा गप्पा मारत असणार, आणि त्यांतले निम्मे साठीच्या पुढचे. दाटीने नाचायला माणशी सुमारे एक चौरस मीटर लागतो. म्हणजे १२ मीटर लांब, १२ मीटर रुंद एवढ्या चौकात जोरदार आवाज हवा होता. उरलेल्या जागेत तो नकोच होता, कारण शेजारच्याशी ओरडून बोलत कोणाला पंगतीचा आनंद मिळत नाही.

घरच्यांची कल्पना वेगळी होती. खर्चाची सूत्रं नवरीच्या मामांकडे होती आणि त्यांना लॉनवर, स्टेजच्या दोन्ही अंगांना डबल अठरा बेसची, म्हणजे १८ इंची दोन-दोन स्पीकर असलेल्या डब्यांची, भिंत हवी होती. "आमच्याकडं वरातीला गाडीवर भिंत लागते. हितं दोन डबं मांडलं तर पावणं काय म्हणतील?" भाचीच्या लग्नात काही कमी पडू नये ही त्यांची काळजी खरी होती. त्यामुळे नुसतं नको म्हणून भागणार नव्हतं, गणित समोर मांडणं भाग होतं.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागासाठी दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, मर्यादा ५५ डेसिबल, रात्री ४५. खासगी जागेतल्या यंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. थोडक्यात, कुंपणावर संध्याकाळी ६०. नाचाच्या चौकात ९८ हवे असतील तर चौकापासून कुंपणापर्यंत ३८ डेसिबल पडायला हवेत. नुसत्या अंतराने एवढे पडायला स्पीकरपासूनचं अंतर जवळजवळ ८० पट व्हावं लागतं: ५ मीटरवर ९८ असेल तर ४०० मीटरवर ६०. इथे कुंपण ४० मीटरवर होतं. कुठलाही स्पीकर, कितीही महागडा, कसाही वळवला तरी हे अंतर भरून काढत नाही. लॉनवर डीजे म्हणजे पहिल्या तासाभरात तक्रार आणि मग पोलिसांची गाडी, हे मी मामांना स्पष्ट सांगितलं.

आणि मग सभागृहाकडे बोट दाखवलं. तिथे जेवण ठरलं होतं, नाच लॉनवर. दोन्हीची अदलाबदल केली तर? रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतली ध्वनिवर्धकाची बंदी सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंद जागेत आतल्या आत वाजवण्याला लागू नाही. हद्दीवरची मर्यादा मात्र तिथेही सुटत नाही, पण भिंती तिचं निम्म्याहून जास्त काम करून देतात. केटररने सुरुवातीला कुरकुर केली. त्याची काउंटर, पाण्याची सोय, वाढप्यांची वाट सगळं हॉलच्या हिशेबाने ठरलेलं. पण लॉनवर जेवण म्हटल्यावर जागा ऐसपैस मिळणार होती, आणि थंडीही ओसरलेली होती. संध्याकाळच्या चहाच्या आत अदलाबदल ठरली. या कामातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि त्यात एकही डबा भाड्याने घ्यावा लागला नाही.

सभागृह ३२ मीटर लांब, १८ मीटर रुंद, साडेपाच मीटर उंच. खाली फरशी, एका लांब बाजूला काच, बाकी प्लास्टर केलेल्या भिंती. अशा खोलीत स्पीकर वाढवले की स्पष्टता वाढत नाही, घुमणं वाढतं. प्रत्येक जादा डबा भिंतींवर जादा आवाज टाकतो आणि तो उशिरा परत येतो. निवेदिकेचं बोलणं त्यात पहिलं बुडतं. म्हणून डेकोरेटरला सांगून काचेच्या बाजूला आणि मागच्या भिंतीला जाड पडदे, भरपूर चुण्या घेऊन, भिंतीपासून वीतभर पुढे लावून घेतले. पडदे बेस अडवत नाहीत, पण वरच्या सुरांची टणटण त्यांनी बरीच खाल्ली. पुढे माणसं भरली की तीही आवाज शोषतात, त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये थोडा कर्कश वाटणारा आवाज कार्यक्रमात बरोबर येतो. साउंड चेक करताना हे विसरून अनेक जण वरचे सूर जास्त कापून बसतात.

आता टॉप. डीजेच्या १२ इंची टॉपच्या कागदावर कमाल आवाज १२८ डेसिबल लिहिलेला. हा एक मीटरवरचा, क्षणिक शिखराचा आकडा. सलग वाजणाऱ्या संगीतासाठी त्यातून निदान १२ वजा करायचे, राहिले ११६. चौकाच्या पुढच्या भागात, चार मीटरवर, अंतरामुळे १२ जातात: १०४. मागच्या कडेला, बारा मीटरवर, साडेएकवीस जातात: ९४ ते ९५. आणि हे सगळं टॉप पूर्ण ताणून, लिमिटरचा (ठरलेल्या पातळीवर आवाज रोखणाऱ्या सोयीचा) लाल दिवा पेटलेला ठेवून. असा आवाज मोठा कमी आणि चिरका जास्त लागतो. त्याउलट भाड्याच्या १५ इंची, मोठ्या हॉर्न ड्रायव्हरच्या (वरचे सूर भोंग्यातून फेकणाऱ्या भागाच्या) ॲक्टिव्ह टॉपवर १३४ लिहिलेलं होतं. सहा डेसिबलचा फरक, म्हणजे वॉटच्या भाषेत चौपट. बारा मीटरवर १०० पोचतात, आणि आम्हाला हवे होते ९६ ते ९८. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांसाठी जी शिफारस केली तिच्यात पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही वरची हद्द आहे. तिच्या थोडं खाली राहून टॉपला दम शिल्लक राहत होता.

लहान लाइन ॲरे, म्हणजे एकाखाली एक टांगलेल्या डब्यांची उभी रांग, घ्यावा का, हा विचार झाला. डीजेला तो फार हवा होता, कारण दिसायला भारी. पण एका बाजूला चार छोटे डबे म्हणजे जेमतेम मीटरभर उंचीची रांग. लांब अंतरावर आवाज टिकवण्याचा तिचा गुण एवढ्या उंचीत फक्त वरच्या सुरांत दिसतो. बारा मीटरच्या चौकासाठी त्याचं भाडं देण्यात अर्थ नव्हता. दुसरा पर्याय होता प्रत्येक बाजूला दोन-दोन टॉप शेजारी ठेवण्याचा. यात दोन्ही हॉर्नचा आवाज एकाच माणसापर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि काही सूर वाढतात, काही गायब होतात. चालताना आवाज सळसळल्यासारखा बदलत जातो. चारऐवजी दोन दमदार टॉप हे मी जवळजवळ नेहमीच निवडतो.

बेससाठी १८ इंची, ८ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा), ६०० वॉट आरएमएसचे (सलग पेलायची ताकद) चार पॅसिव्ह, म्हणजे बाहेरच्या मशीनवर चालणारे, डबे घेतले. डीजेचा स्वतःचा एक बेस मुद्दाम गाडीतच ठेवला. वेगवेगळ्या बनावटीचे बेस एकत्र वाजवले की प्रत्येकाचा फेज, म्हणजे कोन पुढे-मागे होण्याची वेळ, निराळा असल्याने ते एकमेकांना साथ देतीलच असं नाही, कधीकधी तोडतातही.

जागेवरून वाद झाला तो बेसच्याच. सगळ्यांच्या सवयीप्रमाणे दोन डबे डावीकडे, दोन उजवीकडे. पण ६० हर्ट्झच्या सुराची लांबी पावणेसहा मीटरच्या आसपास असते. दोन ढीग दहा मीटर दूर ठेवले, तर जिथे एक ढीग दुसऱ्यापेक्षा पावणेतीन-तीन मीटरने जवळ पडतो तिथे तो सूर जवळपास मरतो. चौकाच्या मधोमध छाती हलते आणि दोन पावलं बाजूला सरकलं की बेस गेला. मला चारही डबे स्टेजच्या पुढ्यात, मध्यभागी, एकमेकांना चिकटून एका रांगेत हवे होते. एकत्र ठेवलेले बेस एकमेकांना जोर देतात: एकाचे दोन केले की ६ डेसिबल, दोनाचे चार केले की आणखी ६. मामी म्हणाल्या, फोटोत नवरा-नवरीच्या पायाशी काळे डबे दिसतील. रास्त मुद्दा होता. स्टेज तीन फूट उंच होतं आणि डबे त्याहून बुटके, म्हणून त्यांवर पातळ जाळीचं कापड आणि पुढे झेंडूची सुटी रांग असा तोडगा निघाला. डेकोरेटरने आधी जाड मखमल आणली होती, ती परत पाठवली. पोर्टचं, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या भोकाचं, तोंड झाकलं की डबा गुदमरतो.

टॉप चौकाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत, भक्कम स्टँडवर, हॉर्न डोक्यांच्या वर येईल एवढे उंच आणि तोंड किंचित खाली व आत वळवलेलं. आत वळवल्याने काचेवर थेट मारा टळला. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या आणि भोवती फुलांच्या कुंड्या, म्हणजे नाचणारा कोणी त्यावर आदळणार नाही. एवढं वजन माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवताना यात काटकसर करू नये.

डीजेचे १२ इंची टॉप वाया गेले नाहीत. हॉलच्या मागच्या अर्ध्या भागात ज्येष्ठांसाठी खुर्च्या होत्या. तिथे ते पुढच्या टॉपपासून १७ मीटरवर, हळू आवाजात लावले. निवेदन आणि गाण्याचे शब्द तिथे पोचावेत एवढ्यापुरतेच. आवाज हवेतून १७ मीटर जायला सुमारे ४९ मिलिसेकंद घेतो, तारेतून मात्र लगेच पोचतो. म्हणून मागच्या टॉपना प्रोसेसरमधून (सूर वाटून देणाऱ्या, उशीर आणि मर्यादा लावणाऱ्या यंत्रातून) ४९ आणि वर थोडे, असे ५८ मिलिसेकंद उशीर दिला. त्यामुळे आजी-आजोबांना आवाज स्टेजकडूनच येतोय असं वाटतं, शब्द दोनदा ऐकू येत नाहीत.

जोडणीची साखळी अशी होती: कंट्रोलरच्या बॅलन्स्ड (लांब तारेतही खरखर न पकडणाऱ्या) आउटपुटमधून तीन पिनांच्या कॅनन केबलने दोन इनपुट, सहा आउटपुटच्या प्रोसेसरमध्ये. तिथून पहिले दोन आउटपुट पुढच्या टॉपला, तिसरं आणि चौथं बेसच्या मशीनला, पाचवं मागच्या टॉपला. आरसीएची पांढरी-लाल पिन कुठेच नाही. ती टेबलावरच्या दोन फुटांसाठी ठीक, वीस मीटरला नाही. सगळं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज, ठेवलं. चौकात उजवीकडे नाचणाऱ्याला डावा स्पीकर नीट ऐकूच येत नाही, मग गाण्याचा अर्धा भाग त्याच्यापासून का तोडायचा?

क्रॉसओव्हर, म्हणजे बेस आणि टॉपमध्ये सूर वाटायची सीमा, ९० हर्ट्झ, २४ डेसिबल उताराचा, आणि बेसला खालून ३५ हर्ट्झवर कट. पोर्ट असलेला डबा ज्या सुराला ट्यून केलेला असतो त्याच्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही. आवाज येत नाही आणि कोन मात्र फाटेपर्यंत हलतो. बेस गेलेल्या कित्येक डब्यांचं कारण एवढंच असतं.

आता ओहम. ८ ओहमचे दोन डबे पॅरलल जोडले की ४ ओहम, चार जोडले की २. चारही डबे मशीनच्या एका चॅनलवर घालायची हौस अनेकांना असते, एक चॅनल वाचतो म्हणून. पण २ ओहमवर मशीन तापतं, तारेत जास्त वीज मरते आणि संरक्षण ऐन गाण्यात मशीन बंद करतं. आम्ही चॅनलला दोन असे लावले. मशीन ४ ओहमवर चॅनलमागे १५०० वॉटचं, दोन डब्यांची गरज १२००. जादा ताकद असल्याने लिमिटर लावणं आवश्यक होतं. ६०० वॉट आणि ८ ओहम म्हणजे ६९ व्होल्ट. मशीनचा गेन ३२ डेसिबल, म्हणजे सुमारे ४० पट. तेव्हा मशीनच्या तोंडाशी पावणेदोन व्होल्ट, डीबीयू या सिग्नल मोजायच्या एककात ७, इथे प्रोसेसरचा आरएमएस लिमिटर बसवला. हा हिशेब एकदा केला की रात्री कोणी कितीही बटण फिरवलं तरी कॉइल जळत नाही.

तार २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, स्पीकॉन पिनची. मशीन बेसपासून दहा मीटरवर होतं, त्यामुळे तोटा नगण्य. तरी त्या डीजेला मी आकडा करून दाखवला, कारण त्याच्या गाडीत ०.७५ ची पातळ वायर होती. तीस मीटरवर, ४ ओहमच्या जोडीला, त्या वायरने डब्यापर्यंत पोचणारी ताकद निम्म्यावर येते. २.५ ला तीच एक पंचमांशाने घटते. मशीन महाग घेऊन वायर स्वस्त घेणं हे दरवेळी दिसतं.

डबे वाजवून पाहिले तेव्हा बेस पोकळ लागला. एकेक लावला तर प्रत्येक डबा ठीक, चारही लावले की कुठेतरी हरवल्यासारखा. भाड्याने आलेल्या मालात हे घडतं. दीड व्होल्टचा सेल काढला आणि प्रत्येक डब्याच्या तारेला क्षणभर टेकवला: तीन डब्यांचे कोन बाहेर आले, चौथ्याचा आत गेला. कोणीतरी दुरुस्तीत आतल्या वायरी उलट लावल्या होत्या. तीन पुढे ढकलतात, एक मागे ओढतो, म्हणजे चार डब्यांतून दोघांइतकाच आवाज, ६ डेसिबल गायब. त्या डब्याच्या वायरी सरळ केल्या आणि हॉल भरला. त्यानंतर टॉप आणि बेसचा मेळ बसवला. चौकाच्या मध्यभागी मीटर ठेवून ९० हर्ट्झचा टोन, बेसची पोलॅरिटी (अधिक-उणे) मुद्दाम उलटी केली आणि आवाज जास्तीत जास्त कमी होईपर्यंत टॉपचा उशीर हलवला. मग पोलॅरिटी सरळ. उलट असताना जिथे सगळ्यात जास्त तुटतं, सरळ केल्यावर तिथेच सगळ्यात जास्त जुळतं.

विजेबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. काहीही लावण्याआधी बोर्डावर मल्टिमीटर: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल ढिलं असेल तर २३० च्या जागी ४०० पर्यंत येऊ शकतात आणि क्षणात सगळी मशीनं जातात. साउंड पूर्ण एका फेजवर, लाइट आणि एलईडी वॉल दुसऱ्यांवर. एलईडीवाल्याचा लॅपटॉप जोडताच गुणगुण सुरू झाली, ती आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेल्या डीआय बॉक्सने (दोन यंत्रांमधला विजेचा थेट संबंध तोडून फक्त आवाज पुढे नेणाऱ्या डबीने) गेली. त्याचा पोरगा प्लगची अर्थची पिन काढायला निघाला होता, त्याला हाताला धरून थांबवलं. गुणगुण घालवायला अर्थ तोडणं म्हणजे मायक्रोफोन हातात धरणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. कंट्रोलर, लॅपटॉप आणि प्रोसेसर छोट्या यूपीएसवर ठेवले, कारण लाइट जाऊन डीजी (डिझेल जनरेटर) चालू होईपर्यंत काही सेकंद जातात आणि तेवढ्यात सगळं बंद होऊन पुन्हा सुरू होताना नाचाचा रंग जातो.

कार्यक्रमात चौकाच्या मध्यभागी मीटर ९६-९७ दाखवत होता, मागच्या खुर्च्यांपाशी ८५ च्या आत. लाल दिवा पेटला नाही. कुंपणापाशी दारं बंद असताना रस्त्यावरच्या वाहनांतून आमचा आवाज वेगळा काढता येत नव्हता. पण मीटर 'ए' वर होता आणि कानाच्या धाटणीची 'ए' मोजणी ६३ हर्ट्झला २६ डेसिबल कमी धरते. म्हणून खालचे सूर जवळपास पूर्ण धरणाऱ्या 'सी' वर करून पुन्हा पाहिलं, तेव्हा बेस बाहेर येतोय हे दिसलं. वाढपी लॉनकडची दारं उघडी टाकत होते. एका माणसाला दारापाशी उभं केलं आणि नऊनंतर बेस ३ डेसिबलने खाली आणला. नाचणाऱ्यांपैकी कोणालाही ते कळलं नाही. मामा शेवटच्या तासात चौकातच होते.

पुढच्या हंगामासाठी काय विकत घ्यावं, हे त्या डीजेने हिशेब मिटवताना विचारलं. त्याला मोठे टॉप घ्यायचे होते. मी सांगितलं की आधी प्रोसेसर घे, मग सध्याच्या बेसला अगदी त्याच मॉडेलचा दुसरा बेस, मग २.५ च्या तारा आणि एक बरा मीटर. मोठे टॉप वर्षातून थोड्याच कामांना लागतात, ते भाड्याने परवडतात. या मोसमात त्याने प्रोसेसर घेतला आहे. जोडीचा बेस त्या मॉडेलचं उत्पादन चालू आहे तोवर घ्यायला हवा, नाहीतर दोन्ही नव्याने घ्यावे लागतील.